शौचालयाची चावी कुणाकडे असते?

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचाराचं प्रकरण बाहेर आलं, लोक रेल्वे रुळांवर उतरले, आणि लगोलग आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परिपत्रकं येऊन आदळायला लागली. सीसीटीव्ही बसवा. तक्रारपेटी लावा. मुलींच्या सुरक्षिततेसाठीच्या सखी सावित्री समितीचा फलक दर्शनी भागात लावा, फोटो काढा, लिंकवर भरा, आजच्या आज, अत्यंत तातडीचे. यातलं बरंचसं कागदावर आधीपासून होतं. तक्रारपेटीचा आदेश २०१७ चा, सखी सावित्री समितीचा २०२२ चा. नवीन होती ती घाई.

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. वर्ग पहिली ते सातवी. पोरं तीन ठिकाणची: गावातली, तांड्यावरची आणि माळावरच्या पारधी वस्तीतली. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे पोरांच्या चिठ्ठ्यांबद्दल लिहायचं आहे.

आधी कॅमेऱ्याचं सांगते. शंभराच्या वर आणि अडीचशेच्या आत पट असलेल्या शाळेला संयुक्त शाळा अनुदान मिळतं वर्षाला ५०,००० रुपये. ते हप्त्याहप्त्याने, बहुतेकदा वर्ष सरता सरता. त्यात वीजबिल, खडू, स्वच्छता, दुरुस्ती, रंगरंगोटी, सगळं. कॅमेरा त्यात बसणं शक्यच नव्हतं. सरपंचांनी लोकवर्गणी काढली आणि एक कॅमेरा लागला. त्याचं तोंड फाटकाकडे. लाइट गेली की बंद, आणि आमच्याकडे लाइट किती असते ते विचारू नका. कॅमेऱ्याला माझा विरोध नाही, असू द्या. पण पोरांना ज्यांचा धाक वाटतो, ज्यांच्यापासून त्रास होतो, ती माणसं फाटकावरून उड्या मारून येत नाहीत. त्यांची नावं एक तर हजेरीपटावर असतात नाहीतर शिक्षकांच्या मस्टरवर. बदलापूरलाही माणूस शाळेतलाच होता, आणि मुली घरी बोलल्या म्हणून ते कळलं. पोरगी बोलली, हे त्यातलं महत्त्वाचं. तिनं शाळेत कुणाजवळ बोलावं, हा प्रश्न कुठल्या लिंकवर भरायचा?

आता पेटी. आमची तक्रारपेटी पत्र्याची, लाल रंगाची, वर पांढऱ्या अक्षरात नाव. लावली होती ऑफिसच्या दाराशेजारी, कारण दर्शनी भाग म्हणजे तोच. आत मिळायचं काय? गोळ्यांचे कागद, एकदा मेलेली पाल, आणि एक चिठ्ठी, 'सर खूप छान शिकवतात'. पेटी उघडताना गावचे पोलीस पाटील म्हणायचे, "मॅडम, तक्रारच नाही म्हणजे शाळा एक नंबर." अहो, ऑफिसच्या खुर्चीवरून जी पेटी दिसते तिच्यात कोण चिठ्ठी टाकेल? शिवाय पहिली-दुसरीच्या पोरांना लिहिता येत नाही, आणि तांड्यावरची लेकरं घरात गोरमाटी ही बंजारा बोली बोलतात. त्यांना मनातलं मराठीत लिहा म्हणणं म्हणजे आधी परीक्षा द्या, मग तक्रार करा.

शासनाने आनंददायी शनिवार, म्हणजे पुस्तकाबाहेरच्या उपक्रमांचा दिवस, सुरू केला तेव्हा आम्ही त्यातली शेवटची पंधरा मिनिटं पेटीसाठी ठेवली. पेटी उचलून मागच्या व्हरांड्यात वाचनाच्या कपाटाजवळ नेली. दर शनिवारी प्रत्येक पोराला चतकोर कागद द्यायचा. सगळ्यांना सारखा कागद, सारखी पेन्सिल. काही सांगायचं असेल तर लिहा, लिहिता येत नसेल तर काढा, सांगायचं नसेल तर फूल काढा, पण कागद प्रत्येकाने टाकायचाच. कोणत्याही भाषेत चालेल. यात सगळी मेख 'प्रत्येकाने' या अटीत आहे. सगळेच टाकतात म्हटल्यावर कुणी टाकली हा प्रश्न उरत नाही.

अक्षर ओळखू येतं, हे खरं. म्हणून चिठ्ठ्या शाळा व्यवस्थापन समितीतली एक आई आणि मी, दोघीच उघडून वाचतो, पाटील समोर बसलेले असतात. आणि एक गोष्ट मी वर्गात आधीच सांगून ठेवली आहे: तुमचं बहुतेक सगळं माझ्या पोटात राहील, पण कुणी तुमच्या अंगाशी नको ते केलं असेल तर मी गप्प बसणार नाही, पोलिसांना सांगणार. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याने ते बंधनकारकच आहे, आणि हाताखालच्या माणसाबद्दलची अशी माहिती दडपणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पोरांना कलमं सांगायची गरज नसते. पण 'कुणाला सांगणार नाही' असं खोटं वचन देऊन त्यांच्याकडून काढून घ्यायचं नाही.

मग चिठ्ठ्या यायला लागल्या. खिचडीत मीठ जास्त. मागच्या बाजूने कुत्री येतात (हे चित्र होतं, कुत्र्याला दात इतके मोठे की कागदात मावत नव्हते). अमका मला जाड्या म्हणतो. एका कागदावर 'याडी' एवढंच, म्हणजे आई. तेव्हा दिवाळी होऊन गेली होती, आणि ती आई कुठल्या तरी कारखान्याच्या फडात ऊस तोडत होती. तिच्यासाठी काय करणार? त्या लेकराला मधल्या सुट्टीत माझ्या मोबाइलवरून आईला फोन लावून देते. फडात रेंज असली तर लागतो.

आणि मग सहावी-सातवीच्या मुलींच्या चिठ्ठ्या. वेगवेगळ्या अक्षरांत एकच मजकूर, 'चावी आमच्याकडे द्या.'

शाळांची माहिती गोळा करणाऱ्या यू-डायसच्या सरकारी फॉर्मात विचारतात, मुलींसाठी स्वतंत्र शौचालय आहे का, वापरात आहे का. आमचं उत्तर 'होय', आणि ते खोटं नव्हतं. फरशी धड, लोखंडी दारं, बाहेरून लोखंडी जाळीचा दरवाजा. फक्त कुलूप असायचं. त्यालाही कारण होतं. रात्री गावातले काही जण येऊन घाण करत, बाटल्या टाकत, एकदा भांडंच फोडून गेले. म्हणून कुलूप, आणि चावी ऑफिसात कपाटाच्या कडेला खिळ्यावर. आता सातवीच्या पोरीने काय करायचं? वर्गावरच्या सरांना विचारायचं. ऑफिसात जाऊन दुसऱ्या सरांना चावी मागायची. तिथे गावातली दोन-चार माणसं कामासाठी आलेली, चहा चाललेला. त्यांच्यासमोर खिळ्यावरची चावी काढायची आणि अख्ख्या व्हरांड्यातून ती हातात घेऊन जायचं. कुठली पोरगी जाईल?

त्यांनी आपला उपाय काढला होता. पाणी पीत नव्हत्या. घरून भरून आणलेली बाटली संध्याकाळी तशीच परत जायची. दुपारनंतर डोकं दुखणं, परिपाठाला चक्कर, लघवीची जळजळ. पाळीच्या दिवसांत तर सरळ घरी. हजेरीपट नीट बघितला तर मोठ्या मुलींच्या नावासमोर महिन्याच्या महिन्याला दोन-तीन खाडे ठरल्यासारखे दिसतात. आम्ही ते 'शेतात गेली असेल' म्हणून सोडून देतो. तेवढ्या दिवसांत काळ-काम-वेगाचा पाठ निघून गेलेला असतो, आणि मग आम्हीच शेरा मारतो, गणितात कच्ची.

खालच्या वर्गातल्या एका मुलीने वेगळंच लिहिलं होतं: मोठी पोरं बाहेरून कडी लावतात आणि पळतात. पोरं हसून सांगतात, मस्करी केली. आत अंधार, लाइट नाही, वर एक जाळीची खिडकी. आत कोंडलेल्या लेकराला ती मस्करी वाटत नाही.

यावर जे केलं ते अगदी साधं होतं आणि त्याला परिपत्रक लागलं नाही. गावातल्या वेल्डरला बोलावून आतल्या सगळ्या दारांच्या बाहेरच्या कड्या कापून टाकल्या, आतून मात्र चांगल्या दणकट बसवल्या. त्याने मजुरी घेतली नाही, त्याची पोरगी तिसरीत आहे. कुलूप फक्त बाहेरच्या जाळीला. चावी सातवीच्या वर्गात, मुलींच्या बाजूच्या खिडकीला. सकाळी त्यांनीच उघडायचं, सुटताना त्यांनीच लावायचं, दिवसभर उघडं. कुणालाही विचारायचं नाही, वर्ग चालू असला तरी. एका सहकाऱ्याचं म्हणणं पडलं की असं केलं तर पोरी उठून उठून जातील. गेल्या ना. पहिले काही दिवस घोळक्याने गेल्या, मग कंटाळल्या. पॅड ठेवायला आत एक झाकणाचा डबा आहे, तो कोण भरतं, कोण घेतं, याची नोंद ठेवत नाही. नोंदवही ठेवायची सूचना आली होती. ठेवली नाही.

शिक्षेची चिठ्ठी त्यानंतर आली. माझ्या एका सहकाऱ्याबद्दल होती, चांगला शिकवणारा माणूस. कान पिळतो, बोटांत पेन्सिल धरून दाबतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे, २०१० पासून. त्यांनाही ते ठाऊक होतं. म्हणाले, "मॅडम, आम्ही मार खाऊनच शिकलो ना?" हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे की आता उत्तर तयार असतं: तुमच्याबरोबर मार खाऊन जी शाळा सोडून गेली, ती आज तुमच्यासमोर बसून हे सांगायला नाहीत. पण वाद घालण्यापेक्षा मी त्यांना त्यांच्याच वर्गाच्या वह्या दाखवल्या. भागाकाराची उदाहरणं. दहा वह्यांत तीच चूक, त्याच जागी, हातच्याच्या घरात. पोरांनी एकमेकांचं उतरवलेलं, कारण चुकलं तर बोटं दाबली जाणार आणि विचारलं तरी दाबली जाणार. कोणाला खरंच येत नाही हे त्या वहीतून सरांना कधीच कळलं नसतं. एवढ्यावर सर बदलले असं नाही. मुख्याध्यापकांनी त्यांना लेखी समज दिली, तेव्हा बोटं दाबणं थांबलं. बोलणं अजून तिखट आहे, त्यावर काम चालू आहे.

पालकांचं वेगळं. तांड्यावरचा एक बाप येऊन म्हणतो, "हाना मॅडम, पर शिकवा." त्याला वाटतं, मारणारा मास्तर म्हणजे लक्ष देणारा मास्तर. त्याच्या लहानपणी बहुधा तेच खरं असेल.

पारधी वस्तीतल्या पोरांच्या चिठ्ठ्या मात्र बरेच दिवस नुसत्या फुलांच्या यायच्या. त्यांना काही सांगायचं नाही असं थोडंच असतं. वर्गात पेन हरवलं, कंपासपेटी हरवली, की सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळतात. इंग्रजांनी १८७१ साली जमाती गुन्हेगार ठरवणारा कायदा केला, तो १९५२ मध्ये रद्द झाला. माना अजून वळतात. मी आले तेव्हा दप्तर तपासायची पद्धत होती, आणि तपासायला सुरुवात कोणत्या दप्तरापासून होते हे पहिलीतल्या पोरालाही पाठ होतं. आता कुणाचंही दप्तर तपासायचं नाही असा नियम आहे. हरवलेलं पेन म्हणजे पाच रुपये. कपाटावर डबा ठेवला आहे, त्यात पेनं, पेन्सिली, खोडरबर. ज्याचं हरवलं त्याने त्यातून घ्यावं. डबा कुणी रिकामा केला का? कधी कधी होतो. भरतो पुन्हा.

आमच्या लाडक्या समानतेच्या योजनांबद्दलही थोडं बोलायला हवं. दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती, जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या पहिली ते चौथीच्या मुलींना रोज एक रुपया उपस्थिती भत्ता मिळतो. १९९२ पासून एक रुपया. तेव्हा एक रुपयाला काही तरी मोल होतं, आता त्याच्यासाठी बँक खातं उघडण्याची झेरॉक्सच जास्त पडते. पण मला खुपतं ते दुसरंच. अशा प्रत्येक योजनेची यादी करायची तर वर्गात ओरडून विचारायचं, 'एससीवाले उभे राहा, एनटीवाले हात वर करा.' गणवेशाचंही तसंच होतं. सगळ्या मुलींना आणि अनुसूचित जाती-जमाती, दारिद्र्यरेषेखालच्या मुलांना गणवेश, बाकीची पोरं बघत बसायची. २०२३ पासून राज्याने सगळ्यांनाच दिला, हे मनापासून आवडलं. मग २०२४ मध्ये 'एक राज्य एक गणवेश' आला, कापड वरून, शिलाई बचत गटांकडे, आणि आमच्याकडे पहिलीच्या पोराला चौथीची पँट. पुढे ती खरेदी पुन्हा शाळा समित्यांकडे आली. ढगळ पँट सगळ्यांनाच ढगळ होती, त्यामुळे हसायला सगळे सारखे, एवढंच त्यातलं समाधान. यादीसाठी मात्र मी आता वर्गात कुणाला उभं करत नाही. दाखल-खारीज रजिस्टरमध्ये सगळं लिहिलेलं आहे. संध्याकाळी बसून उतरवून काढायचं, अर्धा तास जातो.

आता ऊस. त्याच्याशिवाय आमच्याकडच्या शाळेची गोष्ट पुरी होत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली जोडपी ट्रकमध्ये बसतात. जोडपं म्हणजे एक कोयता. सांगली, कोल्हापूर, पुणे, पार कर्नाटकापर्यंत. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, पोरं एक तर फडावरच्या कोपीत नाहीतर आजीजवळ. आजीजवळ राहणाऱ्यांसाठी शाळेत हंगामी वसतिगृहाची योजना आहे, सकाळ-संध्याकाळ जेवण मिळतं. मुलगा मागे राहतो. मुलीला आई बरोबर नेते. का नेते हे विचारल्यावर एक आई म्हणाली, "म्हातारीला दिसत न्हाई मॅडम. पोरगी वयात आली. माझ्या डोळ्यापुढं असलेली बरी." फडावर तिला भांडी घासायची, धाकट्याला सांभाळायचं, वाढ्याच्या मोळ्या बांधायच्या, आणि तिथे तर दार असलेलं शौचालयही नाही. आईला हे माहीत आहे. तरी तिला फड शाळेपेक्षा सुरक्षित वाटतो. आणि नाहीच नेलं, तर दुसरा उपाय लग्न. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात अठराच्या आत लग्न झालेल्या मुलींचं प्रमाण २१.९ टक्के होतं. आमच्या जिल्ह्यात त्याच्या जवळपास दुप्पट.

बालविवाह रोखायला गावात ग्रामसेवक अधिकारी असतो, १०९८ हा चाइल्डलाइनचा मदत नंबर शाळेच्या भिंतीवर ठळक रंगवलेला आहे. पोरींकडे फोन नाही. म्हणून सातवीच्या प्रत्येक मुलीकडून तो नंबर आणि माझा नंबर तोंडपाठ करून घेते, पाढ्यांच्या तासाला, पाढ्यांसारखा. कुणाच्याही फोनवरून लावता येतो.

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका हव्यात. आमच्याकडे कागदावर होत्याच. बैठक सकाळी अकराला, आणि त्या वेळी बायका खुरपणीला नाहीतर सोयाबीन काढायला. रजिस्टर घरी जायचं, अंगठा-सही होऊन परत यायचं. या वर्षी बैठक संध्याकाळी सातला तांड्यावर, सेवालाल महाराजांच्या मंदिरासमोर घेतली. पारधी वस्तीतली एक आईही आली होती, मागे उभी होती, बसा म्हटल्यावर बसली. विषयपत्रिकेवर क्रीडा साहित्य आणि परसबाग होती. बायकांनी त्यातल्या एकाही विषयावर तोंड उघडलं नाही.

शेवटी आयत्या वेळचे विषय आले तेव्हा त्या बोलल्या, आणि बोलल्या त्या आमच्या शाळेबद्दल नव्हतंच. सातवीनंतर हायस्कूल दुसऱ्या गावाला आहे. मुलींना एसटीचा पास फुकट मिळतो, मानव विकास योजनेतली मुलींसाठीची निळी गाडी सकाळी येते. पण शाळा पाचला सुटते आणि परतीची गाडी सातनंतर. थंडीत तोवर काळोख पडतो, आणि फाट्यावर निवारा नाही. तिथे पानटपरी आहे, तिथली पोरं आहेत. "आठवीला पाठवू की मॅडम," एकीने सांगितलं, "गाडी सव्वापाचला लावा म्हणावं. आमी पोरीला फडावर न्यायचं न्हाई." पारधी वस्तीतली आई म्हणाली की त्यांच्या माळावर गाडी थांबतच नाही, हात केला तरी. दोन्ही ठरावात घातलं.

ठरावाची प्रत, ग्रामपंचायतीचं पत्र आणि आठवी ते दहावीत जाणाऱ्या मुलींची यादी आगारप्रमुखांकडे दिली आहे. आवक नंबर मिळाला. गेल्या आठवड्यात पुन्हा गेले, तर वेळापत्रक बदलायला वाहक-चालकांची ड्युटी बदलावी लागते, विभागाकडे पाठवलं आहे, असं उत्तर मिळालं. पुढच्या खेपेला त्या दोघी आयांना बरोबर नेणार आहे. ऊसतोडीला जायच्या आत.